पाचवे शील, विडीचा धूर आणि कल्याणमित्र

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा विषय जवळपास ठरलेलाच होता. इतिहासाच्या शिक्षकाने आपल्या शेजारच्या येवल्यावर, १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेवर लिहावे, किंवा २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर लिहावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. त्या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे, पुढेही लिहीन. यंदा मात्र घरातल्या, अंगणातल्या आणि खरे सांगायचे तर वसतिगृहाच्या मागील भिंतीच्या आडोशाला घडणाऱ्या एका गोष्टीवर लिहावयाचे आहे. विडी-सिगारेट सुटते कशी, आणि ती सोडू पाहणाऱ्याच्या भोवतीच्या माणसांनी नेमके काय करावयाचे असते, हा तो विषय. त्यावर लिहिण्याचा अधिकार मला एकाच कारणाने प्राप्त झाला आहे. मी एकवीस वर्षे धूम्रपान केले. त्यांपैकी बारा वर्षे याच विद्यालयात रोज सायंकाळी विद्यार्थ्यांसमवेत पंचशील ग्रहण करीत असताना केले.

शीलातील पळवाट

माणूस सुशिक्षित असला की त्याच्या व्यसनालाही युक्तिवाद करता येतो. माझा युक्तिवाद असा होता : पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मद्य यांचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विडीचा उल्लेख नाही. मी दारूला कधी स्पर्श केला नाही. मग माझे शील अखंड आहे, असे मी स्वतःला समजावीत असे.

इतिहासाच्या दृष्टीने यातले विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र खोटा. तंबाखू हे अमेरिका खंडातील पीक. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने विजापूरहून हुक्का व तंबाखू आग्र्याच्या दरबारात नेल्याची नोंद त्याच्याच लेखनात आढळते, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती बंदी टिकली नाही, हे सांगावयास नकोच. तात्पर्य, तथागतांच्या काळात जी वस्तू या भूमीत नव्हतीच, तिचे नाव शीलात कोठून येणार? उलट विनयपिटकात डोकेदुखीच्या शमनासाठी भिक्खूंना औषधी धूर ओढण्याची आणि त्यासाठी नळी वापरण्याची मुभा दिल्याचा प्रसंग आहे. म्हणजे धुराला धूर म्हणून विरोध नव्हता. ग्रंथाला आपल्या सोयीने वाकवू नये म्हणून हेही प्रांजळपणे नमूद करतो.

परंतु पाचव्या शीलाचा भार पेयांच्या नावांवर नसून ‘प्रमादस्थान’ या शब्दावर आहे. ज्या ठिकाणी माणसाचे भान सुटते, सावधपणा जातो आणि स्वतःवरील सत्ता दुसऱ्याच कोणाकडे जाते ते प्रमादाचे स्थान. मी स्वतःला एकच प्रश्न विचारावयास हवा होता : तास संपण्याआधी दहा मिनिटे माझे चित्त चवदार तळ्यावर असते की खिशातल्या पाकिटावर? उत्तर मला ठाऊक होते, म्हणूनच मी प्रश्न विचारला नाही.

विडी कोणी वळली, कोणी ओढली

आपल्या समाजाचा विडीशी संबंध केवळ ओढणाऱ्याचा नाही, वळणाऱ्याचाही आहे. आपल्या जिल्ह्यातील सिन्नर हे विडी कामगारांचे गाव म्हणून पिढ्यानपिढ्या ओळखले जाते. माझी आत्या तेथेच विड्या वळीत असे. भिजवलेले तेंदूचे पान साच्याप्रमाणे कात्रीने कापायचे, त्यात तंबाखू भरायची, बोटांनी वळायचे, दोऱ्याने बांधायचे. आणि मजुरी हजार विड्यांमागे. खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी मिळत नसे. आत्याच्या बोटांना येणारा तो उग्र वास मला आजही आठवतो.

‘जय भीम’ हे अभिवादन ज्यांनी रूढ केले, ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) हे विडी कामगारांचे संघटक होते, हे आपल्यातील फार थोड्यांना माहीत असते. कंत्राटदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीविरुद्ध त्यांनी मध्य प्रांतातील विडी कामगारांना एकत्र आणले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळावर निवडून आले आणि अवघ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयरोगाने गेले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने ज्या उद्योगांची पाहणी केली, त्यांत विडी उद्योगही होता. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हावयास मात्र १९६६ साल उजाडावे लागले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की विडी ओढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांकडे तुच्छतेने पाहण्याचा हक्क आपल्याला नाही. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. पोटात भूक असताना विडीच्या दोन झुरक्यांनी ती मरते, रात्रपाळीत डोळा लागत नाही, आणि काम थांबवून दोन मिनिटे बसण्याचे ते एकच मान्य कारण असते. तंबाखूने भुकेची जाणीव दबते हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. ज्याला जेवणाची सुट्टी नाही, त्याला विडीची सुट्टी तरी मिळते. व्यसनाचे मूळ पुष्कळदा श्रमाच्या या व्यवस्थेत असते. म्हणून ‘मनाचा दुबळा’ असा शिक्का मारून व्यसनी माणसाला बाजूला सारणे हे जसे अन्यायाचे, तसेच निरुपयोगीही आहे.

तलफ म्हणजे नेमके काय

धूर छातीत गेल्यावर निकोटीन साधारण दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे समाधान देणारी द्रव्ये स्रवतात. पण रक्तातील निकोटीनचे प्रमाण दोनएक तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे, झोपमोड ही सारी त्या मागणीची रूपे. धूम्रपान करणारा म्हणतो, “विडीने मला शांत वाटते.” वास्तविक विडीनेच निर्माण केलेली अशांती विडी थोडा वेळ शमविते, एवढाच तो व्यवहार आहे.

दोन गोष्टी मात्र धीर देणाऱ्या आहेत. एक, तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, मग विडी ओढा अथवा न ओढा. दुसरी, पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो आणि पुढील तीन-चार आठवड्यांत शरीराचा त्रास बहुतांशी उतरतो. त्यानंतर उरते ती सवय, आणि सवय ही शरीरात नसून प्रसंगांत असते. आपल्या निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. पौष-माघात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे वर्तमानपत्रांत छापून येते, द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, आणि शेकोटी म्हटली की विडीचे बंडल हातोहात फिरते. लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होईपर्यंत ट्रॅक्टरच्या रांगेत ताटकळणे, दहाव्याचा विधी, लग्नाचा मांडव, एसटीची वाट पाहणे, हे सारे विडीचे प्रसंग. शरीर निकोटीन विसरते. शेकोटी विसरू देत नाही.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही एक समजच आहे. विडीत तंबाखू कमी असली तरी तेंदूचे पान सच्छिद्र नसते, ती विझू नये म्हणून अधिक वेळा आणि अधिक जोराने ओढावी लागते. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत मुबलक जाते.

फसलेले दोन प्रयत्न

माझा पहिला प्रयत्न ३१ मे रोजीचा. जागतिक तंबाखूविरोधी दिनाला शाळेबाहेर एका कार्यक्रमात मीच भाषण केले होते. टाळ्या मिळाल्या. घरी येऊन लाज वाटली आणि कोणालाही न सांगता पाकीट फेकून दिले. चार दिवस टिकलो. कोणाला सांगितलेच नव्हते, त्यामुळे पाचव्या दिवशी मी पुन्हा पेटविली तेव्हा कोणाला काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या वेळी नेमके उलटे केले. धम्मचक्र प्रवर्तन दिनी, विद्यार्थी व पालकांसमोर, जाहीर प्रतिज्ञा घेतली. दोन महिने तोंडाला धूर लागला नाही. मग वडील गेले. अंत्यसंस्कारानंतर रात्री अंगणात बसलो असताना कोणीतरी विडी पुढे केली आणि मी ती घेतली. त्या एका विडीने फारसे बिघडले नसते. बिघडले ते पुढे. जाहीर प्रतिज्ञा मोडलेल्या माणसाने तोंड कसे दाखवावे? म्हणून मी सहा महिने लपून ओढत राहिलो. वर्गात जाण्यापूर्वी बडीशेप चघळायची, शर्ट बदलायचा, मुलांपासून दोन हात दूर उभे राहायचे. ज्या मुलांनी आपल्या आईवडिलांपासून दूर येऊन मला वडिलांच्या जागी मानले, त्यांच्यापासून मी दोन हात दूर उभा होतो. या गोष्टीची बोच मला फुप्फुसाच्या भीतीपेक्षा जास्त होती.

पहिल्या वेळी साक्षीदार नव्हते. दुसऱ्या वेळी प्रेक्षक होते. सोबती दोन्ही वेळा नव्हते.

सिगालोवाद सुत्तातील चार मित्र

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश आपल्याला परिचित आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयासाठी त्याचाच आधार घेतला. त्या उपदेशात मादक पदार्थांना संपत्तिनाशाच्या मार्गांत गणले आहे. पण मला उपयोगी पडला तो त्याच उपदेशातील खऱ्या मित्रांचे चार प्रकार सांगणारा भाग. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हे चारही मित्र मला या विद्यालयाच्या आवारातच भेटले. त्यांची नावे लिहीत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना ती कळतीलच.

पहिला मित्र उपकारी. तुम्ही बेसावध असताना जो तुमचे रक्षण करतो, असे त्याचे लक्षण. आमच्या गणिताच्या सरांनी मला एकदाच विचारले, “दिवसातली कोणती वेळ सर्वांत वाईट?” मी म्हणालो, “रात्री साडेनऊ. मुलांचा अभ्यास संपतो ती.” त्या दिवसापासून बरोबर साडेनऊला सर दाराशी उभे. “चला, कडवेच्या वाटेने एक फेरी मारून येऊ.” विडीचा विषय ते काढीत नसत. द्राक्षांचे भाव, दहावीचा निकाल, काहीही. वीस मिनिटांत लाट ओसरलेली असे. बेसावधपणाची वेळ आधीच ओळखून तेथे उभे राहणे, हे रक्षण.

दुसरा मित्र सुखदुःखात समान. हे म्हणजे आमचे रात्रीचे पहारेकरी बाबा. खरे सांगायचे तर भिंतीमागे मी ज्यांच्यासमवेत विडी ओढीत असे ते हेच. दिवसभर ते मला ‘सर’ म्हणत आणि उभे राहत. त्या भिंतीपाशी मात्र आम्ही एकाच दगडावर बसत होतो, एकाच काडीवर दोघांच्या विड्या पेटत होत्या. विडी सोडायची म्हणजे तो दगडही सोडायचा, याचे मला वाईट वाटे. मी त्यांना तसे बोलून दाखविले. बाबा म्हणाले, “मग दगड कशाला सोडता सर? विडी सोडू. दगडावर बसू.” व्यसन सोडताना आपण एक पदार्थ सोडत नसतो, एक संगत सोडत असतो, आणि ती संगत दुसऱ्या रूपात टिकली नाही, तर माणूस संगतीसाठी पुन्हा पदार्थाकडे जातो. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

तिसरा मित्र हिताचा मार्ग सांगणारा, जे ऐकले नाही ते ऐकविणारा. येथे तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी मला उपदेश केला नाही, माहिती दिली. निकोटीनचा च्युइंगम कसा चघळून गालाशी ठेवायचा, तो किती आठवड्यांत कमी करायचा, गरज पडल्यास तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, हे त्यांनी सांगितले. औषधाची मदत घेणे म्हणजे इच्छाशक्तीचा पराभव, असा माझा ग्रह त्यांनी दूर केला. ब्रिटनमधील डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. पण साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ वर्षे परत मिळतात, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळपास सर्वच. “आता सोडून काय उपयोग” हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून कायमचे गेले.

चौथा मित्र अनुकंपा करणारा. तुमच्या पडझडीत ज्याला आनंद होत नाही, आणि तुमची निंदा करणाऱ्याला जो थांबवितो. माझ्या पत्नीने त्या तीन महिन्यांत “आज ओढली का?” असे एकदाही विचारले नाही. ती विचारीत असे, “आजचा दिवस कसा गेला?” पहिल्या प्रश्नाला खोटे उत्तर देता येते. दुसऱ्याला खोटे उत्तर द्यावेसेच वाटत नाही. आणि स्वयंपाकघरातील मावशींनी, मी चिडचिड करून एका मुलावर ओरडलो तेव्हा, मुलांना बाजूला घेऊन सांगितले, “सरांचं औषध चालू आहे, थोडे दिवस सांभाळून घ्या.” त्यानंतर माझ्या टेबलावर रोज कागदाच्या पुडीत गूळ-शेंगदाणे येऊ लागले. ते कोण ठेवते हे मी कधी विचारले नाही.

तेविसावा दिवस

हा प्रयत्न मी आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या आरंभी सुरू केला. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने. आपल्या विहारात ग्रंथवाचन चालते तो काळ. तेविसाव्या दिवशी बाहेरगावी जुन्या मित्रांच्या बैठकीत मी एक सिगारेट ओढली. परतीच्या एसटीत दुसऱ्या प्रयत्नाची सहा महिन्यांची लपाछपी आठवली. रात्री साडेनऊला सर दाराशी आले तेव्हा मी ते सांगून टाकले.

सरांनी विचारले, “कुठे झाले ते कळले ना?” मी म्हणालो, “कळले.” ते म्हणाले, “मग तिथे पुढच्या वेळी जपू. चला.” आणि आम्ही नेहमीच्या वाटेने निघालो.

सर गणिताचे, विनयपिटक त्यांनी वाचलेले नाही. तरीही भिक्खुसंघातील आपत्तीदेसनेची रीत त्यांनी जशीच्या तशी पाळली. लहान दोष घडलेला भिक्खू उपोसथापूर्वी आपल्या सहकारी भिक्खूजवळ तो दोष बोलून दाखवितो. ऐकणारा एवढेच विचारतो की दोष दिसला का. दिसला म्हटल्यावर, पुढे संयम राख, असे सांगतो. तेथे विषय संपतो. शिक्षा नाही, व्याख्यान नाही, आठवण करून देऊन टोमणे नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही रीत घालून दिली, त्यांना मनुष्यस्वभावाचे केवढे ज्ञान होते! घसरण आणि पराभव यांत अंतर असते, आणि ते अंतर घसरल्यानंतरच्या पहिल्या संभाषणात ठरते. बहुतेकांना व्यसन सोडण्यासाठी एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात; म्हणून हे संभाषण कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारच, असे धरून चालावे.

मी आश्विन पौर्णिमेला मोकळा झालो, तो आजतागायत. बाबांचे मात्र तसे झाले नाही. अकराव्या दिवशी त्यांनी पुन्हा विडी पेटविली आणि त्या वर्षी ती सुटली नाही. आता दाराशी जाऊन उभे राहण्याची पाळी माझी होती. दुसरा वर्षावासही तसाच गेला. तिसऱ्या वर्षी सुटली. या काळात आमच्यापैकी कोणी त्यांना ‘सर बघा, कसे सुटले’ असे ऐकविले नाही, हीच काय ती आमची कामगिरी.

एकट्याचा निश्चय, अनेकांची साथ

हा केवळ माझा अनुभव असता तर तो लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९७१ ते २००३ या काळात १२,०६७ व्यक्तींच्या परस्परसंबंधांचा अभ्यास झाला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जोडीदाराने धूम्रपान सोडले तर दुसऱ्याची ते करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. माणसे गटागटाने सोडतात, असा त्याचा मथितार्थ. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनमुक्त झालेल्या माणसांनाच नव्या रुग्णांच्या मदतीस उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ने दारू आणि तंबाखू हा एकेका रुग्णाचा प्रश्न न मानता गावाचा प्रश्न मानला आणि गावोगावी संघटना उभ्या केल्या.

आनंदाने एकदा तथागतांना म्हटले की कल्याणमित्रांची संगत हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे. तथागतांनी त्याला थांबविले आणि सांगितले की अर्धा नव्हे, तो संपूर्ण धम्मजीवन आहे. तरुणपणी मला ही अतिशयोक्ती वाटली होती.

मिश्रीच्या डबीविषयी

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे आपला खरा शत्रू धुरात कमी आणि चुन्याच्या डबीत, पुडीत, मिश्रीत अधिक आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. आणि मिश्रीला तर कोणी व्यसनच समजत नाही. तव्यावर भाजलेली तंबाखू आई सकाळी दाताला लावते, ती ‘दात घासते’ असे आपण म्हणतो. वडिलांची विडी सुटावी म्हणून सारे घर राबते. आईची मिश्री सुटावी म्हणून कोणी दाराशी उभे राहत नाही. तोंडाच्या कर्करोगाला मात्र विडी आणि मिश्री यांतला फरक कळत नाही. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना सर्व दुर्गुणांपासून दूर राहण्याचे आणि मुलांना शिकविण्याचे आवाहन केले होते. ते आवाहन ऐकणाऱ्या मातांच्या लेकीसुनांना आज आपली साथ हवी आहे.

पालक व माजी विद्यार्थ्यांना विनंती

घरातील कोणी सोडू पाहत असेल तर त्याला सोडण्याची तारीख ठरवू द्या. आपण ठरवू नका. त्याच्या सर्वांत कठीण वेळा विचारून घ्या आणि त्या वेळी हजर राहा. शपथा घालू नका, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावू नका; मोडलेली शपथ माणसाला लपायला शिकविते. पहिल्या पंधरवड्यातील चिडचिड औषधाचा परिणाम समजून सोसा. वाचलेले पैसे डोळ्यांसमोर दिसतील असे ठेवा. दिवसाला ३० रुपये धरले तरी वर्षाला १०,९५० रुपये होतात. एका मुलीच्या पुस्तकांचा आणि गणवेशाचा प्रश्न त्यात सुटतो. घसरण झाली तर ‘कुठे’ हे विचारा, ‘का’ हे विचारू नका.

माझ्या वेळी नव्हती अशी एक सोय आज आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून उपलब्ध असून तंबाखूच्या पाकिटांवरही तो क्रमांक छापलेला असतो. शासकीय रुग्णालयांतही तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळते.

आणखी एक. मुलाला दुकानात पाठवून विडीचे बंडल किंवा पुडी आणावयास सांगू नका. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणेही गुन्हा आहे. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा धाक मी घालीत नाही. पण तुम्ही आमच्या स्वाधीन केलेले लेकरू सुटीत घरी येते तेव्हा त्याच्या हाती आपण काय देतो, एवढे पाहावे.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून विद्यालयात ‘साडेनऊची फेरी’ सर्वांसाठी खुली करावी, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरविले आहे. पालकांपैकी, माजी विद्यार्थ्यांपैकी, गावातील बांधवांपैकी ज्यांना विडी, सिगारेट, तंबाखू अथवा मिश्री सोडावयाची आहे त्यांनी यावे. ज्यांना केवळ सोबत चालावयाचे आहे त्यांनी तर अवश्य यावे. त्यांची गरज अधिक आहे. वसतिगृहाच्या मागील भिंतीपाशी तो दगड अजून आहे. फेरी तेथूनच सुरू होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!